शर्ट धुण्याचं पाणी

आमचा शर्ट घातला की अंगाला गार लागतं, असं लोक सांगतात. मी माझ्या तोंडानं कशाला सांगू? हातमागाचं सुती कापड, अर्ध्या बाह्या, सैल बेत, करवंटीची बटणं, आणि खालच्या काठाला भाताच्या लोंबीचा छाप. होळी झाली की ठाण्या-मुंबईची माणसं मागायला लागतात, पाऊस लागला की कोणी नाव काढत नाही. म्हणजे आमचा धंदा सगळा उन्हाळ्याचा. आणि उन्हाळ्यात आमच्या शहापूर तालुक्यात काय मिळत नाही, हे बालवाडीतलं पोर पण सांगेल.

छापकाम हे काही आमच्याकडचं नाही. आम्ही भात लावणारी माणसं. नवरा काही वर्षं गुजरातेत कारखान्यात होता, तेव्हा शेजारी ठशांनी कापड छापणारं कुटुंब होतं. मी दुपारभर त्यांच्या ओट्यावर बसायचे. आधी नुसती बघायला, मग कापड वाळत घालायला, मग ठसा हातात धरायला. नवऱ्याचा कारखाना बंद पडला आणि आम्ही गावी परत आलो, तेव्हा माझ्याकडे लाकडाचे थोडे ठसे होते आणि डोक्यात खूळ होतं. हिरडा मात्र आपल्याच घरचा. माझं माहेर मुरबाडकडचं, वैशाखऱ्याचं. तिथल्या रानात हिरड्याला तोटा नाही. भाऊ गोणी भरून आणून देतो आणि दरवेळी म्हणतो, "आमी पोटाला घेतो, तू शर्टाला पाज."

खरंच पाजावा लागतो. कापड आधी हिरड्याच्या पाण्यात भिजवायचं, मग उन्हात वाळवायचं. ते फिकट पिवळं दिसतं. त्यावर लोखंडाचा गंज आणि गूळ कुजवून केलेल्या पाण्यात ठसा बुडवून मारला की हिरड्याला लोखंड भेटतं आणि तिथल्या तिथे काळं उमटतं. तुरटीचा ठसा मारून मंजिष्ठेच्या मुळ्यांत उकळलं तर लाल. यात कुठे जादू नाही आणि कुठे बाटलीतला रंगही नाही. पण छापून झालं की कापड धुवायचं, आणि धुवायचं ते वाहत्या पाण्यात. साचल्या पाण्यात बुचकळलं तर सुटलेलं काळं पांढऱ्यावर जाऊन बसतं आणि शर्ट कोरा असून मळका दिसतो. गुजरातेत त्यांच्या दारात कालवा होता. माझ्या दारात काय होतं? म्हणून आम्ही बोअर मारली.

बोअरला पाणी लागलं तेव्हा मी पेढे वाटले होते. पहिला पेढा पलीकडच्या जाऊबाईंना. नवऱ्याच्या चुलत भावाची बायको, माझ्याहून मोठी, आमच्या दोन घरांमध्ये नुसतं कुंपण. पेढा तोंडात टाकून त्या म्हणाल्या, "बरं झालं गो, आता तुला हिरीवर यायला नको." आमच्या परसाच्या खाली, उतारावर, गावची विहीर आहे. आधी मीसुद्धा तिथेच शेंदायचे. त्या वेळी विहिरीला मेच्या मध्यापर्यंत पाणी असायचं. बोअर मारली त्याच्या पुढच्या वर्षी ती एप्रिलातच तळाला गेली, आणि त्यानंतर पाडव्यालाच.

मी नवऱ्याला विचारलं, आपल्या बोअरनं तर नाही ना? तो म्हणाला, "कायतरीच तुझं. हीर वरच्या पाण्याची, बोअर खालच्या पाण्याची. दोघांचा संबंध काय?" त्याचं बोलणं मला हवंच होतं, म्हणून मी ते लगेच पटवून घेतलं. पण ज्या दिवशी धुणं मोठं असायचं, मोटार लांबायची, त्या दिवशी विहिरीवरून बायकांचा आवाज जास्त वेळ यायचा. भांड्यांचा आणि भांडणाचा. मी मोटारीच्या खोलीचं दार लावून घ्यायची. मोटारीला थंडी वाजते असं काही नाही, पण मी लावायची.

ठाण्याला एका प्रदर्शनात आमचा छोटासा गाळा असतो. तिथे एका बाईंनी शर्ट गालाला लावून मला विचारलं, "म्हणजे याच्यात निसर्गाला काहीच त्रास नाही ना?" मी म्हटलं, काही नाही. त्यांनी नवऱ्यासाठी आणि दोन्ही जावयांसाठी घेतले. घरी आल्यावर मात्र मला त्या बाईंचा राग आला. माझा यायला हवा होता, पण माणूस आधी दुसऱ्याचाच राग करतो.

जाऊबाईंना एकच मुलगी. विहीर तळाला गेली की शेंदायला पोहरा बुडत नाही. मग कोणीतरी आत उतरायचं, खडकातून झरा येतो तिथे बसायचं आणि वाटीनं हंडा भरायचा. वरून दोरानं ओढून घेतात. जाऊबाईंचा गुडघा गेलेला, म्हणून त्यांच्या घरची उतरायची ती पोरगीच. शाळेत असल्यापासून उतरते आहे. कॉलेजला आटगावहून गाडी पकडून जायची, तेव्हाही पहाटे आधी विहीर, मग पास आणि पिशवी. मी तिला किती वेळा म्हटलं असेल, माझ्या नळावर ये. एकदोनदा आली. मग म्हणाली, "रोज रोज नको काकी, लोकं बोलतील, आमाला नाय का म्हणून." मला मनातून बरंच वाटलं. एकीला दिलं की दहा जणी येणार, आणि शर्ट कशात धुणार? असा विचार मी केला आणि तो विचार केल्याचं मला आठवतं आहे, एवढंच माझ्या बाजूनं सांगण्यासारखं.

यंदा पोरीचं लग्न ठरलं. आधी एक ठरून मोडलं होतं. काही कारण नव्हतं, मुलाकडच्यांना दुसरीकडे जास्त बरं दिसलं. पण मोडलेल्या सोयरिकीचं खापर पोरीवरच फुटतं, ही आपल्याकडची रीत. दोन वर्षं जाऊबाईंनी लोकांच्या नजरा झेलल्या. आता मुरबाडकडचं चांगलं घर मिळालं, मुलगा साधा, सासू बोलकी. जाऊबाई हरखून गेल्या होत्या. पण जीव टांगणीला होता. अक्षता पडेपर्यंत काही आडवं येऊ नये, एवढंच त्या देवाला मागत होत्या.

आमच्यात हळदीच्या दिवशी सकाळी पाच सवाष्णी वाजतगाजत विहिरीवर जातात आणि नवरीच्या आंघोळीचं पाणी आणतात. ते गावच्या विहिरीचंच लागतं. नळाचं चालत नाही, ड्रमातलं चालत नाही. बरोबर धवलारीण असते, म्हणजे लग्नाची गाणी गाणारी म्हातारी, आमच्याकडे तिचा मान भटजीच्या बरोबरीचा. आता लग्न मेमध्ये, आणि विहिरीत वाटीनं भरण्याइतकंही धड पाणी नव्हतं. टँकर येतो आणि विहिरीत रिकामा होतो, पण तो येतो तेव्हा खरा. त्या आठवड्यात त्याचा पत्ता नव्हता. जाऊबाई कुंपणापाशी येऊन म्हणाल्या, "सवाष्णी काय हिरीत उतरतील, गो? पोरीच्या हळदीला चिखल आणू का मी?" आणि पदरानं तोंड पुसलं. रडत नव्हत्या, घाम पुसत होत्या, असं त्यांनी दाखवलं.

मला त्या दिवशी जेवण गेलं नाही. मी म्हटलं, हे पाप आपल्याला फेडता येईल. टँकरचं पाणी विहिरीत पडलं की विहिरीचं होतं ना? मग माझं का नाही होणार? मोटार लावायची, पाइप विहिरीत सोडायचा, सकाळी बायकांना पाणी दिसेल. देवाची कृपा म्हणतील. हे उघडपणे सांगून केलं असतं तर काय बिघडलं असतं? काही नाही. पण चोराच्या मनात चांदणं. लोक म्हणतील, हिच्याकडे एवढं पाणी आहे होय? मग पुढचा प्रश्न विचारतील, आणि त्या प्रश्नाला मी तीन उन्हाळे भीत होते.

हळदीच्या आदल्या दिवशी नवरा शर्टांचं बोचकं घेऊन कल्याणला गेला होता. भर दुपार, सगळं गाव मांडवात नाहीतर झोपेत. मी पाइप परसातून उतारावर नेला, विहिरीच्या काठावरून तोंड आत सोडलं आणि कोणाला दिसू नये म्हणून वरून भाताचा पेंढा पसरला. मग येऊन मोटार लावली.

आमच्याकडे पाणी दोन ठिकाणी असतं. वर काळी टाकी, तिच्यात बोअरचं चांगलं पाणी. खाली सिमेंटचा हौद, त्यात शर्ट धुतलेलं पाणी साठवतो आणि केळींना घालतो. पाण्याची नासाडी नको म्हणून मीच बांधून घेतला होता तो. बोअरला आणि हौदाला मोटार एकच, मधे एक कॉक. इकडे फिरवला की बोअरचं पाणी ओढते, तिकडे फिरवला की हौदातलं. हे काम नेहमी नवरा करतो. मी दाराकडे एक डोळा ठेवून, घाईघाईनं कॉक फिरवला आणि बाहेर येऊन उभी राहिले, कोणी येतंय का बघायला. पाइपाचं तोंड विहिरीत, वरून पेंढा. काय वाहतंय ते मी पाहिलंच नाही. त्या आठवड्यात आम्ही काळ्या छापाचे शर्ट धुतले होते.

मोटार बंद करून पाइप गुंडाळला तेव्हा मला इतकं हलकं वाटलं की मी चहा करून दोन कप प्यायले.

सकाळी पाच सवाष्णींमध्ये मीही होते. नवी साडी, डोक्यावर कळशी, पुढे वाजंत्री, धवलारीण गात होती. जाऊबाई मागून चालत होत्या, हातात हळदकुंकवाचं ताट. विहिरीशी पोचलो तर पुढची बाई वाकून ओरडलीच, "पाणी हाय गो, पाणी हाय." सगळ्यांचे चेहरे फुलले. धवलारणीनं विहिरीला हात जोडले. पहिला पोहरा सोडला, बुडाला, वर आला.

पाणी करड्या काळ्या रंगाचं होतं, चुलीवरच्या पातेल्याचं बूड धुतल्यासारखं.

मला वास आला. हिरड्याचा तुरट वास, जो माझ्या हातांना, साड्यांना, उशीला येतो. दुसरा पोहरा सोडला, तोही तसाच. वाजंत्री थांबली. कोणीतरी हळूच म्हणालं, "हळदीला काळं." एक म्हातारी, जाऊबाईंचीच लांबची नणंद, म्हणाली, "हिचं पयलं पण असंच झालं व्हतं ना?" दोघींनी आपल्या कळश्या खाली ठेवल्या. संध्याकाळी नवरदेवाकडच्या बायका त्याची उष्टी हळद घेऊन येणार होत्या. गावात शिरल्याबरोबर त्यांच्या कानावर काय पडणार, हे तिथल्या प्रत्येकीला कळलं. जाऊबाई विहिरीच्या काठावर खाली बसल्या. ताट कलंडलं, कुंकू सांडलं, त्यांनी ते उचललं पण नाही.

मी गप्प राहू शकले असते. खरं सांगते, एवढा वेळ मी गप्पच होते. मग सांडलेल्या कुंकवात टेकलेला त्यांचा हात बघवेना.

"माझ्या हौदातलं पाणी हाय ते," मी म्हटलं. "शर्ट धुतलेलं. काल दुपारी मी मोटार लावून सोडलं. चांगलं सोडायला गेले आणि कॉक उलटा फिरला."

सगळ्या माझ्याकडे बघायला लागल्या. मला वाटलं, आता बोलणी ऐकावी लागणार, आणि लागू देत, निदान सुटेन तरी. पण ती नणंद म्हातारी हसली. म्हणाली, "अगो, आपल्या घरचं पाणी कोण नेऊन हिरीत ओततंय? उन्हाळ्याच्या दिसांत?" दुसरी म्हणाली, "पोरीवर येऊ नये म्हणून आपल्यावर घेतंय बघा." मी म्हटलं, नाही, खरंच मी सोडलं. पेंढा दाखवला. पेंढा तर सगळीकडेच पडलेला असतो. जितकं जास्त सांगावं तितक्या त्या जास्त कौतुकानं माना हलवायला लागल्या. करायला गेले काय आणि झालं काय, आणि सांगायला गेले तर त्याचंही भलतंच झालं.

जाऊबाई उठल्या आणि त्यांनी माझे दोन्ही हात धरले. तिथेच मला पुढचं सांगायचं होतं. की हे काळं पाणी लहान चूक आहे, मोठी वेगळीच आहे, विहीर मुळात कोरडी का पडते ते विचारा. शब्द ओठांवर आले होते. पण बायका इतक्या मायेनं बघत होत्या की मी ते गिळले. लहान चूक कबूल करून मी मोठी झाकली, असंच म्हणायचं त्याला.

धवलारीण मात्र चतुर. ती म्हणाली, "बोअर पण भुईतलीच ना? पाच कळश्या हिच्या टाकीतून भरा, हिरीला पाच फेरे घाला आणि चला. शुभ वेळ कोणासाठी थांबत नाय." तसंच केलं. माझ्या नळावर ओळीनं पाच कळश्या भरल्या, मी स्वतः भरल्या, आणि गाण्याबरोबर मांडवात नेल्या. काळ्या पाण्याची गोष्ट आता "शेजारणीनं आपल्यावर घेतलं" अशी झाली होती, आणि अशी गोष्ट सांगायला लोकांना आवडतं. संध्याकाळी हळद घेऊन आलेल्या मुरबाडकडच्या बायकांनाही ती तशीच कळली. नवरदेवाची आई मला म्हणाली, "असं शेजारपण हाय, म्हणजे घर चांगलंच असणार." मला पाटावर बसवून माझी ओटी भरली. खण, नारळ, वर पेढा. मी पाटावर बसले होते आणि मला तिथून पळून जावंसं वाटत होतं. नवऱ्याला रात्री सगळं सांगितलं तर तो म्हणाला, "झालं ना चांगलं? मग गप बस." आणि मी गप्प बसले, हीच माझी सवय.

दुसऱ्या दिवशी लग्न लागलं, जेवणं झाली, पाठवणीची वेळ आली. पोरगी एकेकाच्या पाया पडत माझ्यापाशी आली. हातभर हिरवा चुडा, डोळे सुजलेले. मी तिला जवळ घेतलं तशी माझ्या कानाशी म्हणाली, "काकी, तुमी हिरीवर खरं बोलला. मोटारीचा आवाज मी ऐकला व्हता. मला तवा बरं वाटलं, म्हटलं काकी पाणी सोडते."

मी तिचा पदर सारखा करत राहिले.

"एक सांगू का? राग नाय ना येणार?" ती म्हणाली. "उन्हाळ्यात मोटार जरा कमी लावा. मी आत बसून वाटीनं भरते ना, तुमची मोटार लागली का झरा बारीक व्हतो. बंद झाली का परत येतो. दरवर्षी पाहते मी. आता आयेला उतरावं लागंल, आणि तिचा पाय..."

मी विचारलं, मग इतकी वर्षं बोलली का नाहीस?

"तुमचं पण पोट हाय ना त्याच्यावर," ती म्हणाली आणि पुढच्या काकीच्या पाया पडायला गेली.

ती गाडीत बसायच्या आधी मी तिला हो म्हटलं होतं. कमी लावीन म्हटलं होतं. पण लग्नाच्या गडबडीत छापून ठेवलेले शर्ट तसेच पडले होते. काळं छापलेलं कापड न धुता ठेवलं तर लोखंड कापडाला खातं, महिन्यात हाताला चिंध्या येतात. ठाण्याची मागणी होती, तारीख जवळ आली होती. सोमवारी सकाळी मी मोटार लावली, आणि नळाखाली पहिला शर्ट धरला. काळं सुटत होतं, पाणी धो धो वाहत होतं, लोंबीचा छाप हळूहळू स्वच्छ दिसायला लागला. हात कामात असले की मला विचार करावा लागत नाही, म्हणून मी भराभर धूत होते.

कुंपणाचं फाटक वाजलं. जाऊबाई हंडा कमरेवर घेऊन लंगडत येत होत्या. हळदीच्या दिवसानंतर त्या माझ्याकडेच पाणी भरतात, लाजत नाहीत आता, हक्कानं येतात. त्यांनी शर्ट बाजूला सारला, नळाखाली हंडा लावला आणि तो भरेपर्यंत माझ्या पाठीवरून हात फिरवत राहिल्या.

"पोरगी गेली, पण तू हायस म्हणून निभावतंय बघ," त्या म्हणाल्या. "नायतर मला त्या हिरीत उतरावं लागलं असतं."

मी हंडा उचलून त्यांच्या कमरेवर दिला आणि पुढचा शर्ट घेतला.